शेजाऱ्याचे झाड आणि आपली भिंत



नाशिकला मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस येतो तो वारा घेऊनच. अशाच एका संध्याकाळी आमच्या वसाहतीत गुलमोहराची मोठी फांदी शेजारच्या पत्र्यांवर कोसळली. पत्रे फुटले, खालची सायकल चेपली. माणसे वाचली, पण दोन घरांचे बोलणे थांबले ते आजतागायत सुरू झालेले नाही. एकाचे म्हणणे, "झाड तुमचे, भरपाई द्या." दुसऱ्याचे म्हणणे, "वारा काय मी सोडला?" दोघेही आमच्याकडे आले आणि दोघांचेही आम्हाला थोडेथोडे पटले. म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

झाड आपले म्हणजे प्रत्येक नुकसान आपल्या माथी, असे कायदा मानत नाही. न्यायालय विचारते ते एवढेच: धोका मालकाला माहीत होता काय, किंवा जागरूक माणसाप्रमाणे पाहिले असते तर कळला असता काय? निरोगी झाड भयंकर वादळात पडले तर मालक सुटू शकतो. याला कायद्यात 'देवाची करणी' म्हणतात. आपण निसर्गाची म्हणू. परंतु खोड पोखरलेले, फांदी वाळलेली, बुंध्यावर अळंबी उगवलेली असेल, तर वाऱ्याकडे बोट दाखवून चालत नाही. 1964 साली दिल्लीत रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडून स्कूटरवरील एक गृहस्थ दगावले. ते झाड वाळलेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1999 साली महापालिकाच जबाबदार ठरली. झाडांची वेळोवेळी पाहणी करणे हे तिचे कर्तव्य होते. हेच तत्त्व घरमालकाला आणि गृहनिर्माण संस्थेलाही लागू पडते.

यावरून लेखी पत्राचे महत्त्व ध्यानात येईल. शेजाऱ्याला तोंडी सांगितलेले पावसात वाहून जाते. तारीख घालून पत्र द्यावे, पोच घ्यावी, झाडाचे फोटो काढून ठेवावेत. त्यानंतर "मला ठाऊक नव्हते" असे म्हणण्यास जागा उरत नाही. नुकसान झाल्यावर पंचनामा व दुरुस्तीची बिले जपावीत. दिवाणी दाव्याची मुदत साधारणतः 3 वर्षे असते.

आता आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या व मुळ्या. मुंबई उच्च न्यायालयाने 1894 सालीच हरी कृष्ण जोशी विरुद्ध शंकर विठ्ठल या खटल्यात सांगितले आहे की फांद्या कितीही वर्षे शेजाऱ्याच्या जागेवर झुकलेल्या असोत, त्यातून वहिवाटीचा हक्क निर्माण होत नाही. आपल्या हद्दीतला भाग आपण छाटू शकतो. लाकूड आणि फळे मात्र झाडाच्या मालकाचीच!

तथापि कुऱ्हाड उचलण्यापूर्वी थांबावे. महाराष्ट्रात 1975 चा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. त्यात झाड तोडणे म्हणजे केवळ बुंध्यातून पाडणे नव्हे; जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणेही त्यात येते. मुळाशी रात्री ॲसिड ओतणाऱ्या शहाण्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. नाशिक महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करून परवानगी घ्यावी. जीवित व मालमत्तेला धोका हे त्यासाठी ग्राह्य कारण आहे. भिंतीत उगवलेला पिंपळ लहान असतानाच मार्गी लावावा, पुढे तो भिंत घेऊनच जातो. विहाराच्या अंगणातील बोधिवृक्षाची मुळे शेजाऱ्याच्या पायात शिरली तर नियम हाच. तेथे श्रद्धेची सबब चालणार नाही.

झाड आज-उद्या पडेल अशी स्थिती असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 आहे. वकिलाच्या खर्चाला घाबरून गप्प बसू नये. महिलांना व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

आमच्या त्या प्रकरणात पत्र्यांच्या मालकाने आधी लेखी काहीच कळवले नव्हते. आणि बुंध्याला अळंबी होती हे झाडाचा मालकही नाकारीत नव्हता. खर्च निम्मा-निम्मा ठरला. उरलेल्या गुलमोहराच्या छाटणीचा अर्ज महापालिकेत गेला आहे. त्यावर सह्या दोघांच्याही आहेत. आम्ही मात्र त्या दोन वेगवेगळ्या संध्याकाळी जाऊन घेतल्या.