रिपोर्टमधला शब्द शेवटाकडून वाचा

रिपोर्टचं पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर उघडतं, हा आम्हा डॉक्टरांचा गोड गैरसमज. ते उघडतं लॅबच्या पायरीवरच. तिथून घरातलं कॉलेजात जाणारं कुणीतरी मोबाइलवर एकेक शब्द शोधायला लागतं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरलेले असतात. ‘आधी उघडू नका’ असं मी हल्ली कुणाला सांगत नाही. रिपोर्ट तुमचा आहे, तुम्ही वाचणारच. मग तो वाचायची थोडी रीत तरी माहीत असावी.

वैद्यकातले लांबलचक शब्द बहुतेक ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून केलेले असतात. शाळेत तत्पुरुष समासाचा विग्रह करताना शेवटचं पद महत्त्वाचं, असं बाई घोकून घ्यायच्या, ते इथे कामाला येतं. शब्दाचा शेवट सांगतो काय झालंय किंवा काय केलंय, मधला भाग सांगतो कुठे, आणि सुरुवातीचा तुकडा असलाच तर कमी, जास्त, त्रासदायक की मुळीच नाही, ते. ‘कोलेसिस्टेक्टमी’ घ्या. ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी, ‘कोले’ म्हणजे पित्त. पित्ताशय काढलंय, एवढाच अर्थ. शेवटी ‘आयटिस’ आलं तर त्याच पित्ताशयाचा दाह. ‘कोलेलिथियासिस’ असेल तर पित्ताचे खडे, कारण ‘लिथ’ म्हणजे दगड. आयुर्वेदातली अश्मरी म्हणजे मुख्यतः मूतखडा, पण त्या शब्दातही दगडच आहे.

‘आयटिस’पाशी जरा थांबते. याचा अर्थ दाह, म्हणजे सूज, लाली, दुखणं. जंतुसंसर्ग असेलच असं नाही. गॅस्ट्रायटिस झाला, आर्थ्रायटिस झाला म्हणून दरवेळी अँटिबायोटिक लागत नाही. आणि ‘डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच नाही’ ही तक्रार बऱ्याचदा याच शब्दाच्या धाकातून येते. आपल्याकडे मान दुखली की सरसकट ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणायची पद्धत आहे. एक्स-रेच्या रिपोर्टवर मात्र जवळजवळ नेहमी ‘स्पॉन्डिलोसिस’ लिहिलेलं असतं. ‘ओसिस’ म्हणजे नुसती अवस्था; इथे वयानुसार होणारी मणक्यांची झीज. पन्नाशीपुढच्या अनेकांच्या एक्स-रेत ती दिसते, मान अजिबात दुखत नसली तरी. खरा स्पॉन्डिलायटिस, उदाहरणार्थ अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, हा वेगळाच आजार आहे. तो बहुधा तरुणपणी सुरू होतो. पहाटे कंबर आखडते, उठून हालचाल केली की मोकळी होते, आणि विश्रांतीने उलट जास्त धरते. पंचविशीतल्या मुलाची कंबर अशी कित्येक महिने दुखत असेल तर ‘बैठं काम आहे, दुखणारच’ म्हणून सोडू नका, संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

आता सुरुवातीचे तुकडे. यातली सगळ्यात घातक जोडी ‘हायपर’ आणि ‘हायपो’ची. हायपर म्हणजे वर, जास्त. संस्कृतातला ‘उपरि’ त्याचा सख्खा भाऊबंद. हायपो म्हणजे खाली, कमी. त्याचं नातं ‘उप’शी. उपसंपादक संपादकाच्या खाली, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. कागदावर ठीक आहे, पण फोनवर, घाबऱ्या आवाजात, ही दोन्ही सारखीच ऐकू येतात. म्हणून डॉक्टरांना फोन करताना हे शब्द वापरूच नका. ‘शुगर कमी झालीय, ५८ आहे’ असं आकड्यासकट सांगा. ७० च्या खाली गेली की हायपोग्लायसेमिया. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा.

थायरॉइडच्या बाबतीत हीच जोडी वेगळ्या तऱ्हेने फसवते. रिपोर्टमध्ये टीएसएचचा आकडा वाढलेला दिसतो, शेजारी जास्तीची खूण असते, आणि पेशंट सांगतात, ‘थायरॉइड वाढलाय.’ बहुतेक वेळा झालेलं असतं उलट, म्हणजे हायपोथायरॉइडिझम. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ते सोडते, थायरॉइडला काम करायला लावण्यासाठी. मजूर ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो, तसा थायरॉइड सुस्तावला की टीएसएच चढतो. हे न कळल्यामुळे होणारा घोटाळा मी सतत पाहते. आकडा वाढला म्हणजे गोळी जास्त होतेय असं समजून लोक गोळी अर्धी करतात किंवा बंदच करतात. खरं तर तेव्हा डोस वाढवायचा असू शकतो, किंवा गोळी उपाशीपोटी न घेता चहाबरोबर घेतली जात असते.

‘अ’ आणि ‘अन्’ मात्र मराठी माणसाला शिकवायला नकोत. अजीर्ण, अनिद्रा म्हणताना आपण जो नकार जोडतो, तोच ॲनिमिया आणि अन्युरियात आहे. ‘एमिया’ म्हणजे रक्तात, ‘युरिया’ म्हणजे लघवीत किंवा लघवीसंबंधी. ‘डिस’ आणि आपला ‘दुस्’ एकाच घरचे: डिस्युरिया म्हणजे लघवीला त्रास, डिस्पेप्सिया म्हणजे पचनाचा त्रास. ऑस्टिओ आणि अस्थि, डेंटल आणि दंत, नेझल आणि नासिका, हीही नात्यातलीच मंडळी.

‘ओमा’ वाचून रात्रीची झोप उडवून घेऊ नका. ओमा म्हणजे ढोबळमानाने गाठ. लायपोमा ही चरबीची निरुपद्रवी गाठ. हिमॅटोमा तर गाठही नव्हे, मार लागून साकळलेलं रक्त. कार्सिनोमा, सार्कोमा, लिम्फोमा हे मात्र कर्करोगच, तिथे चालढकल नको. म्हणजे नुसत्या शेपटावरून निदान होत नाही. शब्द जागा सांगतो, प्रकार सांगतो. आजार किती पुढे गेलाय हे तो क्वचितच सांगतो.

शस्त्रक्रियांच्या नावांत शेपूट चुकलं तर पुढच्या उपचारांवर परिणाम होतो. ‘बाबांची अँजिओ झालीय’ असं सांगणाऱ्यांना मी नेहमी विचारते, ग्राफी की प्लास्टी? ग्राफी म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं. प्लास्टी म्हणजे अरुंद जागा रुंद केली, बहुधा स्टेंटही बसवला. स्टेंट असेल तर रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायच्या नसतात, दात काढायचा असला तरी.

तेच ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांचं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, पण पिशवी नेमकी कोणती आणि तिच्याबरोबर आणखी काय काढलं, हे शहरातल्या शिकलेल्या बायकांनाही ठाऊक नसतं. हिस्टरेक्टमी म्हणजे गर्भाशय काढणं. डिस्चार्ज कार्डावर पुढे ‘ऊफोरेक्टमी’ असेल तर अंडाशयही काढलंय, आणि त्याआधी ‘बायलॅटरल’ असेल तर दोन्ही बाजूंचं. पाळी नैसर्गिकरीत्या जाण्याआधी दोन्ही अंडाशयं गेली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. त्यामुळे पुढच्या तपासण्या बदलतात. तेव्हा मैत्रिणींनो, कपाटातलं ते जुनं कार्ड काढून हे शब्द शोधा. कार्ड हरवलं असेल तर रुग्णालयात लेखी अर्ज द्या. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार डॉक्टरांनी भरती रुग्णांची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. तीन वर्षं उलटून गेली असली तरी विचारा, बऱ्याच ठिकाणी जुन्या फायली असतात. तिथेही काही मिळालं नाही तर पुढच्या खेपेला सोनोग्राफी करताना ‘अंडाशयं आहेत का ते बघा’ असं आधीच सांगा.