अपडेटनंतर मोबाईलवर फोटो उतरत नाहीत? घाईने ॲप काढू नका

व्यापारी बांधवांनो, आपल्या धंद्यातील बरीचशी बोलणी आता मोबाईलवर होतात. सुरतेचा व्यापारी साड्यांचे नमुने फोटोने पाठवतो, विट्याचा यंत्रमागवाला कापडाचा पोत दाखवतो. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याचा आवाज टिपून परगावच्या गिऱ्हाईकाला ऐकवतो. उधारीची कबुलीसुद्धा संदेशातच असते. म्हणून मोबाईल अडला की दुकान अडते.

माझाच तजुर्बा सांगतो. रमजानच्या तोंडावर, ऐन खरेदीच्या दिवसांत, मोबाईलने रात्रीतून नवे सॉफ्टवेअर घेतले. सकाळी नमुन्यांचे फोटो उतरेनात, नुसते चक्र फिरत राहिले. कुणीतरी सांगितले, ॲप काढा आणि पुन्हा घाला. मी तसेच केले. फोटो येऊ लागले, पण ऑर्डरींचे आणि उधारीचे जुने सर्व संदेश गेले. बॅकअप, म्हणजे नक्कल, कित्येक महिने निघालीच नव्हती. एका मोठ्या येण्याचा पुरावा त्यात होता. चूक माझीच होती. आपली होऊ नये म्हणून हा क्रम देत आहे. तो व्हॉट्सॲप आणि अँड्रॉईड मोबाईलसाठी आहे.

पहिली गोष्ट, मोबाईल एकदा बंद करून चालू करा आणि तारीख-वेळ तपासा. तारीख चुकीची असेल तर फोटो उतरत नाहीत. तारीख आपोआप घेण्याची सोय चालू ठेवा.

दुसरी गोष्ट, जागा पाहा. अपडेटही जागा खाते. किमान एक-दोन जीबी मोकळी ठेवा. शुभेच्छांचे जुने व्हिडिओ आधी काढा, बिलांच्या फोटोंना हात लावू नका.

तिसरी गोष्ट, परवानग्या पाहा. सेटिंगमध्ये ॲपला फोटो व फाईल वापरण्याची परवानगी आहे का, डेटा सेव्हर किंवा बॅटरी बचतीने त्याला अडवले आहे का, हे तपासा. मग वायफाय बंद करून सिमच्या इंटरनेटवर एक फोटो उतरवून पाहा.

चौथी गोष्ट, फोटो जुना असेल तर पाठवणाऱ्यालाच पुन्हा पाठवायला सांगा. न पोचलेला संदेश कंपनीच्या सर्व्हरवर ३० दिवसच राहतो. रंग किंवा आवाज नेमका हवा असेल तर फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. तशी पाठवली तर तिचा दर्जा घटत नाही.

पाचवी गोष्ट दुकानातील संगणकाची. मुख्य मोबाईल १४ दिवस वापरला नाही तर जोडलेला संगणक आपोआप सुटतो. अशा वेळी 'लिंक्ड डिव्हायसेस' मध्ये जाऊन पुन्हा जोडावे.

एवढे करूनही काम झाले नाही, तरच ॲप काढण्याचा विचार करावा आणि त्याआधी नक्कल घ्यावी. मोबाईलमध्ये रोज पहाटे दोनला नक्कल निघते खरी, पण ॲप काढताना तीही पुसली जाऊ शकते. म्हणून गूगल खात्यावर नक्कल ठेवा. येथे एक मेख आहे. २०२४ पासून ही नक्कल गूगलच्या फुकट १५ जीबीमध्ये मोजली जाऊ लागली. फोटो आणि ईमेल यांनी ती जागा भरली की नक्कल थांबते. म्हणून शेवटची नक्कल कोणत्या तारखेची आहे, हे चॅट बॅकअपमध्ये डोळ्यांनी पाहा. ती परत आणताना नंबर तोच आणि गूगल खातेही तेच लागते. नक्कलेला पासवर्ड घातला असेल तर तो लिहून ठेवा. विसरलात तर कंपनीही ती उघडून देऊ शकत नाही.

शेवटी एवढेच सांगतो. आपले वडीलधारे रोजमेळ लिहिल्याशिवाय दुकान बंद करीत नसत. मोबाईल हीसुद्धा आता आपली वहीच आहे. आठवड्यातून एकदा बिले आणि नमुन्यांचे फोटो संगणकात किंवा पेनड्राईव्हमध्ये उतरवावेत, आणि उधारीचा आकडा त्याच दिवशी कागदी खात्यावर चढवावा. मग अपडेट कधीही येवो, हिशेब हातात राहील.