धाकट्याची साक्ष : घरच्या शाळेतील एक आठवडा

एकाच घरात, एकाच शिक्षकापुढे निरनिराळ्या इयत्तांची दोन-तीन मुले बसली, म्हणजे त्यांतील प्रत्येकाचे शिक्षण कसे होते, हा प्रश्न सामान्यतः शिक्षणशास्त्राकडे सोपविला जातो. वस्तुतः या प्रश्नाची अत्यंत समृद्ध साधने आत्मचरित्रांत पडून आहेत, आणि आत्मचरित्र म्हटले की निवेदक कोण, तो कोठे बसला होता, त्याला काय ऐकू येत होते, या गोष्टींचा विचार साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात रवींद्रनाथ ठाकुरांची ‘जीवनस्मृति’ (१९१२) आणि पंडिता रमाबाईंचे १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेले आत्मनिवेदन या दोन साधनांच्या आधारे हा विचार करावयाचा आहे. एक निकटचे उदाहरणही ओघात येईल.

‘जीवनस्मृति’च्या प्रारंभीच रवींद्रनाथ सांगतात की, आम्ही तीन मुले एकत्र वाढत होतो आणि माझे दोघे सोबती माझ्याहून दोन वर्षांनी मोठे होते. हे सोबती म्हणजे थोरला भाऊ सोमेंद्रनाथ आणि भाचा सत्यप्रसाद. मोठ्यांसाठी शिक्षक आला आणि त्याच वेळी धाकट्याचेही शिक्षण सुरू झाले. त्याच्या वयाचा, त्याच्या कुवतीचा निराळा विचार झाल्याचे दिसत नाही; मोठ्यांच्या पंगतीला धाकट्याचे पान मांडले गेले इतकेच. पुढे ते दोघे शाळेत जाऊ लागल्यावर आपल्यालाही पाठवावे म्हणून त्याने रडून आकांत केला, तेव्हा घरच्या शिक्षकाने एक चपराक देऊन बजावले की, आज शाळेत जाण्यासाठी रडतोस, उद्या न जाण्यासाठी याहून अधिक रडशील. याहून अचूक भविष्यवाणी आपण आयुष्यात ऐकली नाही, असा शेरा रवींद्रनाथांनी मारला आहे.

शाळा पुढे सुरू झाली, तरी खरे ओझे घरच्या शिक्षणाचेच होते. त्याचे सूत्रधार तिसरे बंधू हेमेंद्रनाथ. मुलांचा पाया मातृभाषेत पक्का झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांनी आखलेला आठवडा मुळातूनच पाहण्याजोगा आहे. पहाटे, अंधार असतानाच, लंगोट कसून एका पहिलवानाबरोबर कुस्ती. अंगावरची माती तशीच ठेवून वर सदरा चढवायचा आणि पदार्थविज्ञान, गणित, भूमिती, इतिहास, भूगोल व ‘मेघनादवध काव्य’ यांच्या अभ्यासाला बसायचे. सकाळचे शिक्षक नीलकमल घोषाल. दिवसा शाळा. चार-साडेचारला परतल्यावर चित्रकला आणि व्यायाम. दिवेलागणीनंतर इंग्रजी शिकविण्यास अघोरबाबू. नऊनंतर सुटका. रविवारी सकाळी विष्णू चक्रवर्तींकडे गाणे, आणि बहुतेक रविवारी सीतानाथ दत्त येऊन विज्ञानाचे प्रयोग दाखवीत. पाणी तापविताना खालचे पाणी वर व वरचे खाली कसे येते, हे त्यांनी लाकडाचा भुसा टाकून दाखविले, तेव्हा झालेले आश्चर्य रवींद्रनाथांना पन्नाशीतही आठवत होते. ज्या रविवारी ते येत नसत, तो रविवार त्यांना रविवार वाटत नसे. याखेरीज अभ्यासाच्या खोलीत तारांनी जोडलेला मानवी सांगाडा टांगलेला असे आणि वैद्यकीच्या एका विद्यार्थ्याकडून हाडांची नावे पाठ करावी लागत.

अघोरबाबूंविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. प्रकृती ठणठणीत, एक दिवसही आजारी न पडणारे. मुसळधार पाऊस, गल्लीत गुडघाभर पाणी, आज नक्की येणार नाहीत अशा आशेने मुले व्हरांड्यात टपलेली, आणि गल्लीच्या वळणावर ती काळी छत्री! याच अघोरबाबूंनी एकदा कागदात गुंडाळून मानवी कंठनलिका आणली आणि मनुष्य बोलतो कसा ते समजावले. माणूस बोलतो ते सगळ्या माणसानिशी. त्याच्या बोलण्यातून एवढी एक नळी वेगळी काढून दाखविता येते, याचा धक्का पुढे भाषेच्याच व्यवसायात आयुष्य घालविणाऱ्या मुलाला बसावा, हे प्रस्तुत लेखकास अर्थपूर्ण वाटते.

आता असे पाहा. या भरगच्च वेळापत्रकातून धाकट्याच्या पदरात काय पडले? मायकेल मधुसूदन दत्तांचे महाकाव्य (१८६१) भाषा शिकविण्यासाठी वापरले गेले, याचा त्याला जन्मभर राग राहिला. तलवारीने दाढी केली तर तलवारीचा अपमान होतो आणि गालाचीही दुर्दशा होते, अशा आशयाचा दृष्टान्त त्याने दिला आहे. उलट, प्रारंभीच्या पुस्तकातील पाऊस आणि पाने यांविषयीचे एक सयमक वाक्य त्याला आपल्या आयुष्यातील आदिकवीची पहिली कविता वाटले. पयार छंदाची ओळख झाली ती तर वेळापत्रकाच्या संपूर्ण बाहेर. ज्योतिप्रकाश नावाचा, वयाने बराच मोठा भाचा तेव्हा इंग्रजी साहित्य वाचीत होता. एका दुपारी त्याने सात-आठ वर्षांच्या मामाला खोलीत बोलावून, तुला कविता लिहावयाची आहे असे सांगितले आणि चौदा अक्षरांची मांडणी समजावली. मोठ्याच्या अभ्यासातून सांडलेले असे काही धाकट्याच्या हाती लागते. त्याच्या इयत्तेत ते नसते.

रमाबाईंचे घर याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. तेथे शिक्षकांचा ताफा नव्हता. पुढे तर घरही उरले नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला. १८५८ साली गंगामुळाच्या अरण्यात जन्मलेल्या रमाबाई या भावंडांत धाकट्या. कृष्णाबाई आणि श्रीनिवास ही वडील भावंडे. त्यांच्या जन्मानंतर काही महिन्यांतच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले, आणि देवळांतून पुराणे सांगणे हीच उपजीविका झाली. अनंतशास्त्री तोवर वृद्ध झाले होते. धाकटीला शिकविण्याचे काम आईकडे आले. वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईने आपल्याला शिकविले आणि पुढचा अभ्यास इतरांच्या फारशा साहाय्याविना करता यावा अशी मनाची घडण केली, असे रमाबाई सांगतात. दिवसभर संसाराची कामे असल्याने आई तिला पहाटे उठवून मांडीवर घेई आणि पाठ देई, ही हकीगत ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ (१८८७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आली आहे. या आठवड्याला रविवार नव्हता. जे घर पुराणे सांगून जगते, तेथे मोठ्यांची उपजीविका हाच लहानग्याचा पाठ होतो.

जोडासांकोची श्रीमंती आणि डोंगऱ्यांची भ्रमंती यांत साम्य आहे ते इतकेच की, धाकट्या मुलाच्या कानावर त्याच्या वयापुढचे शब्द सतत पडत होते. आपल्याकडे ‘कानावर पडणे’ आणि ‘शिकणे’ यांत फरक करतात. घरच्या शाळेत हा फरक टिकत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा असंख्य घरांवर हा प्रसंग ओढवला. महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठाच्या परिसरात राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या घरी त्या वेळी मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत. मराठी दोघांच्याही शाळेत नसल्याने ती घरीच शिकवायची होती. त्या काळातील एका आठवड्याचे टिपण येथे उपयोगी पडेल. सोमवारी मुलाला लघु-गुरूचे नियम सांगून ‘यमाताराजभानसलगम्’ हे सूत्र दिले. मुलगी शेजारी बसून शुद्धलेखन उतरवीत होती. बुधवारी ती स्वतःचे, आईचे आणि दूधवाल्याचे नाव लघु-गुरूंत मोडून दाखवू लागली. दूधवाल्याच्या नावात यगण सापडल्याचा तिला विशेष आनंद झाला. मुलाला सूत्र आले होते, पण त्याला त्यात खेळण्यासारखे काही वाटले नाही. मंगळवार आणि गुरुवार गणितात गेले. तिसरीची हातच्याची वजाबाकी सातवीच्या ऋणसंख्यांना दर पाच मिनिटांनी आडवी येई. आठातून बारा वजा जात नाहीत, असे एकीला सांगावयाचे आणि त्याच श्वासात दुसऱ्याला, जातात, उत्तर उणे चार येते, म्हणावयाचे! दोघांनीही माझ्याकडे संशयाने पाहिले. शुक्रवारी मुलाकडे बहिणीचे पाढे घेण्याचे काम दिले. शनिवारी सकाळी तो वही-पुस्तक उचलून गॅलरीत जाऊन बसला. भांडण झाले नव्हते. “तिला कळेल असं सांगता बाबा, मग माझं राहतं,” एवढेच तो म्हणाला.

हे वाक्य ‘जीवनस्मृति’त कोठे नाही, आणि असण्याचा संभवही नाही. कारण घरच्या मिश्र शाळेचे जे दोन साक्षीदार आपण वर पाहिले, ते दोघेही त्या शाळेतील सर्वांत धाकटे विद्यार्थी होते. उंचावरून पडणारे वेचीत गेलेल्याचे हे निवेदन. ज्याच्यासाठी पाठ आखला, ज्याचा वेग धाकट्यासाठी कमी करावा लागला किंवा ज्याला अर्ध्या वाटेवर शिक्षकाचे काम करावे लागले, त्याची साक्ष या साधनांत नाही. वडील मुलाने लहान्यास शिकविण्याची रीत आपल्या गावशाळांत जुनीच. ती पाहून मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेलने प्रयोग केले आणि १७९७ मध्ये लंडनला त्यांचा वृत्तान्त छापला. त्या पद्धतीची स्वस्ताई आणि शिस्त यांची पुष्कळ वाखाणणी झाली. मात्र वाळूत अक्षरे गिरविणाऱ्या लहानग्यांसमोर बसून त्या थोरल्या मुलाचा स्वतःचा धडा कोठवर पोहोचला, हा प्रश्न मागेच राहिला. घरच्या शिक्षणाची तरफदारी करताना आज रवींद्रनाथांचे नाव सर्रास घेतले जाते. त्या वेळी आपण एका वर्गातील एकाच मुलाची उत्तरपत्रिका पाहत आहोत, याची जाणीव ठेवली पाहिजे.

थोरल्यांविषयी जे कळते, ते धाकट्यांच्या चरित्रांच्या कडेकडेने. श्रीनिवासशास्त्री हे स्वतः संस्कृतज्ञ. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेल्यावर त्यांनी बहिणीबरोबर पायी देश पालथा घातला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले ते बहिणीला, आणि १८८० साली ते निवर्तले. ‘जीवनस्मृति’तील थोरला भाऊ धाकट्याच्या कवितांचा अभिमान वाटून श्रोते गोळा करीत घरभर फिरतो आणि सगळ्यांना नकोसे करून सोडतो. सत्यप्रसाद गंगोपाध्यायांनी १८९६ मध्ये रवींद्रनाथांची ‘काव्यग्रंथावली’ प्रकाशित केली. त्या पहाटेच्या कुस्तीविषयी, सांगाड्याविषयी आणि अघोरबाबूंच्या छत्रीविषयी त्यांना काय आठवत होते, ते तीत अर्थातच नाही.