दूरच्या रोग्यापर्यंत वैद्यविद्या कशी पोंचावी?

रोग्यानें वैद्याकडे जावें, अशी रीत आहे. परंतु वैद्य फार दूर असला तर काय करावें?

अमेरिकेंतील न्यू मेक्सिको संस्थानांत हेपॅटायटिस-सी ह्या यकृताच्या रोगानें पुष्कळ लोक पिडलेले होते. तज्ज्ञ मात्र थोडे. अल्बुकर्की येथील विद्यापीठाच्या दवाखान्यांत पाळी येण्यास आठ महिने लागत. हें पाहून डॉ. संजीव अरोरा यांनीं २००३ सालीं 'प्रोजेक्ट एको' हें काम आरंभिलें.

त्यांची युक्ति साधी होती. रोग्यास शहरांत न आणतां त्यांनीं गांवच्याच डॉक्टरांस व परिचारिकांस शिकविलें. ठराविक वेळीं हे सर्व व्हिडिओद्वारें एकत्र जमत, आपापल्या रोग्यांची हकीकत मांडीत व तज्ज्ञांचा सल्ला घेत. उपचार मात्र गांवांतच होई.

ह्याचें फळ काय झालें? २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणें विद्यापीठाच्या दवाखान्यांत शेंकडा ५७.५, तर खेडीं व तुरुंग येथील केंद्रांत शेंकडा ५८.२ रोगी बरे झाले.

वाचकहो, ह्यावरून बोध घ्यावा कीं, यंत्र हें केवळ साधन होय. ज्याजवळ विद्या आहे त्यानें ती वांटावी. आणि खेड्यांत सेवा करणारानें विचारण्यांत कमीपणा मानूं नये.