लाखेच्या पेटीला हात लावण्याआधी

पोरी, गंजिफाची, म्हणजे रंगवलेल्या पत्त्यांची, ही पेटी आता तुझ्या हवाली. माझ्या माहेरची, सावंतवाडीची. आईनं मला सांगितलेलं आणि पुढं इथं माणदेशच्या हवेनं शिकवलेलं सगळं तुझ्या कानावर घालते. त्याचं सार एवढंच: आधी ओळख, मग हात लाव.

लाख ओळख. आपली लाख किड्यांची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर ते किडे ही राळ सोडतात. ती उष्णतेनं मऊ पडते, स्पिरिटात विरघळते, ओल राहिली की पांढुरकी होते. म्हणून पेटीवर गरम कपबशी टेकवायची नाही, सॅनिटायझर चोळलेल्या हातानं तिला शिवायचं नाही. जपानी लाखेची जात वेगळी. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ मध्ये, तिकडचे पुरुष इन्रो नावाची छोटी डबी कमरपट्ट्याला लटकवत. एकावर एक बसणारे कप्पे, त्यात औषधं, बाहेर सोन्याच्या भुकटीनं काढलेले क्रौंच नि कासवं, दीर्घायुष्याची खूण म्हणून. ती लाख झाडाच्या चिकाची, दमट हवेत घट्ट होणारी. पाण्याला ती सहजी दाद देत नाही, पण उजेडानं खराब होते. तेव्हा लाखेबद्दल कुणी सल्ला दिला, तर आधी विचार: कुठली लाख?

चित्र वाच. दशावतारी संचात १२० पानं. दहा अवतार, प्रत्येकाची १२: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. खुणा मोज म्हणजे पान कळेल. राजा-प्रधानाखाली मत्स्यापासून वामनापर्यंत दश्शी मोठी, परशुरामापासून पुढं एक्का मोठा. दिवसा डाव रामाच्या राजानं उघडायचा, रात्री कृष्णाच्या. हे ठाऊक असलं की कुठलं पान हरवलंय ते लगेच सापडतं. हरवलेल्याच्या जागी नवं पान रंगवून जुन्यात मिसळू नको.

एक पान खिडकीशी तिरप्या उजेडात धर, भिंगातून बघ. लाख जिथं उडालीय तिथं रंग, रंग गेलाय तिथं पांढरा थर, त्याखाली चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेले पदर दिसतील. चितारी ते पदर दगडानं घोटून गुळगुळीत करायचे, मग रंगवायचे, शेवटी लाख. पांढरा रंग आता सायीसारखा दिसतोय, निळा हिरवट. तो मळ नव्हे. वरची लाख जुनी होऊन पिवळी पडलीय. उजळायच्या नादात घासशील, तर लाखेबरोबर मत्स्याचे खवलेही निघून येतील.

पुसायचं ते कोरड्या, मऊ ब्रशनं. ओला फडका नको, खोबरेल तर अजिबात नको. तेलानं दोन दिवस चकाकी येते, मग धूळ कायमची चिकटते. मार्गशीर्षात इथल्या सिद्धनाथ देवाच्या रथाच्या दिवशी घरभर गुलाल येतो. तेव्हा पेटी बाहेर काढूच नको. झाकणाच्या खाचेत गुलाल गेला की झाकण सरकवताना तोच रंगावर ओरखडे काढतो. उचलताना दोन्ही हात पेटीखाली, झाकणाला धरून कधीच नाही. पावसाळ्यात झाकण अडलं तर जोर लावू नको; हवा कोरडी झाली की ते आपोआप सुटतं.

पेटी कोकणच्या दमट हवेत घडली आणि माणदेशच्या कोरड्या हवेत आली. इथं लाकूड आकसतं, आणि लाकूड आकसलं की लाखेला चिरा जातात. म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नको. आतल्या भिंतीचं कपाट, खालचा कप्पा. खळ धुऊन काढलेल्या मांजरपाटात गुंडाळ. कापडाची खळ आणि पानांतली खळ, दोन्ही कसरीला आवडतात. रबरबँड, प्लॅस्टिक, वर्तमानपत्र नको. डांबराच्या गोळ्या पेटीत टाकू नको. वेखंडाची पुरचुंडी कपाटात राहू दे, पेटीबाहेर.

टवका निघाला तर फेकू नको, फेव्हिकॉलही लावू नको. बटरपेपरच्या पुडीत ठेव, कुठल्या पानाचा ते पुडीवर पेन्सिलीनं लिही. जुनी डागडुजी दिसली तर ती तशीच राहू दे. तोही पेटीचा इतिहास आहे.

परदेशातल्या पोरांना पेटी देऊन मोकळी होऊ नको. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांपलीकडची अशी वस्तू पुरावशेष ठरते, ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणि कुणी हस्तिदंताची गंजिफा विकायला आणली तर दारातूनच परत पाठव.

खेळायला मात्र नवा संच घे. ही कला बुडायला आली होती, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवींनी पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कारागिराकडून ती शिकून घेतली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यात पुन्हा उभी केली. सावंतवाडीच्या गंजिफाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला संच घेतलास की कारागिराच्या हाताला काम मिळतं आणि आपली जुनी पानं झिजत नाहीत. सुट्टीत पोरं जमली की त्यांना डाव शिकव. दश्शी कुठं मोठी आणि एक्का कुठं, हे त्यांना तोंडपाठ झालं की मगच जुनी पेटी त्यांच्यापुढं उघड.