किमती कॅमेरा आणि कातळाची वाट

मुंबईच्या बोरा बाजारातील एखाद्या दुकानात, वातानुकूलित गारव्यात, विक्रेत्याने मोठ्या अदबीने हाती ठेवलेल्या कॅमेऱ्याचे वजन सहसा कोणालाच जाणवत नाही. ते जाणवू लागते ते खिरेश्वरहून निघालेली वाट तोलारखिंड मागे टाकून हरिश्चंद्रगडाच्या कातळावर चढू लागते तेव्हा, आणि तोवर पैसे मोजून झालेले असतात. भटकंतीसाठी उंची छायासाहित्य घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने म्हणूनच निवडीचा आरंभ माहितीपत्रकापासून न करता वाटेपासून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण बहुधा कोणत्या ऋतूत हिंडतो, सलग किती तास चालतो, वाटेत कितीदा दोन्ही हात कातळाला लावावे लागतात आणि मुक्कामाचे अंथरूण-पांघरूण व शिधा आपल्याच पाठीवर असतो की काय, एवढ्या बाबींचा निर्णय आधी लावावा. सेन्सर किती मेगापिक्सेलचा, हा मामला त्यानंतर सुनावणीस घ्यावा.

ओझ्याचा हा प्रश्न छायाचित्रणाच्या कलेइतकाच जुना आहे. सॅम्युअल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ ते १८६६ या काळात हिमालयात तीन मोठ्या मोहिमा काढल्या, तेव्हा काचेच्या तावदानावर ओले रसायन पसरायचे, ते सुकण्यापूर्वीच चित्र घ्यायचे आणि तिथल्या तिथे काळोख्या तंबूत ते धुऊन काढायचे, अशी त्या काळची पद्धत असल्यामुळे काचा, रसायने, तंबू आणि कॅमेरा वाहण्यासाठी त्याला हमालांचा भला मोठा लवाजमा बाळगावा लागला, आणि अशाच सरंजामासह त्याने मणिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फुटांवर छायाचित्रे घेतली. पुढे जर्मनीतील ऑस्कर बार्नाक नावाच्या तंत्रज्ञाला, दम्याच्या विकारामुळे अवजड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे जड जाऊ लागले, म्हणून सिनेमाच्या ३५ मिमी फितीवर चालणारे एक छोटेखानी यंत्र त्याने १९१४ च्या सुमारास घडविले. तेच १९२५ साली लाइपझिगच्या मेळ्यात 'लायका' या नावाने लोकांपुढे आले, आणि आज ज्याला आपण फुलफ्रेम म्हणतो तो २४ बाय ३६ मिमीचा आकारही त्याच यंत्रामुळे रूढ झाला. किमती कॅमेऱ्यांच्या या सर्वांत प्रतिष्ठित घराण्याचा मूळपुरुष ओझ्याला कंटाळलेला एक भटक्या होता, ही गोष्ट मात्र 'जितके जड तितके भारी' असे मानणाऱ्या आपल्या हौशी मंडळींच्या ध्यानात क्वचितच येते.

आता वजनाचा जमाखर्च मांडू. सोनीची ए७आर-५ ही बॉडी बॅटरीसह सुमारे ७२३ ग्रॅम, तिच्यासोबत त्याच कंपनीची नव्या पिढीची एफ २.८ छिद्राची २४-७० लेन्स ६९५ ग्रॅम आणि तशीच ७०-२०० लेन्स १०४५ ग्रॅम; म्हणजे जवळजवळ अडीच किलो झाले, आणि त्यांत डोक्यासह दीड किलोचा ट्रायपॉड मिळवला की चार किलो. उन्हाळी चढाईत प्रत्येकाने निदान तीन लिटर पाणी बाळगावे असा शिरस्ता आहे, आणि तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. अर्थात ही साहित्यरचना स्वीकारणारा माणूस पाण्याहून अधिक काच वाहतो, आणि पाणी उतरत्या क्रमाने हलके होत जाते तसे काचेचे होत नाही. याउलट ए७सी-२ ही ५१४ ग्रॅमची बॉडी आणि ४८८ ग्रॅमची एफ ४ छिद्राची २०-७० लेन्स घेतली, तर सगळे प्रकरण एका किलोत आटोपते. सेन्सर फुलफ्रेमच राहतो, आणि दिवसाउजेडी घेतलेल्या डोंगरचित्रांत, जिथे आपण बहुधा छिद्र एफ ८ वर ठेवतो, त्या दोन जोडण्यांमधील फरक भिंतीवर टांगलेल्या छापील चित्रातही सहसा उमगत नाही. एफ २.८ चे मोल लग्नसमारंभात आणि रंगमंचावर आहे. रायरेश्वराच्या पठारावर भर दुपारी ते निव्वळ ओझे होय.

ज्यांना लेन्स बदलण्याची यातायातच नको, त्यांच्यासाठी एकाच अचल लेन्सचे कॅमेरे आहेत: फुजीफिल्मचा ५२१ ग्रॅमचा एक्स१००-६, अथवा खिसा तितका खोल असल्यास २८ मिमी लेन्सचा, ७४३ ग्रॅमचा लायका क्यू३. दोन्ही उत्तम आहेत. मात्र क्यू३ च्या जलरोधकतेचा जो आयपी ५२ हा दाखला मोठ्या अक्षरांत मिरवला जातो, त्याचा अर्थ समजून घ्यावा. त्यातील दुसरा आकडा एवढेच सांगतो की, यंत्र १५ अंशांपर्यंत कलते ठेवले असता वरून ठिबकणाऱ्या पाण्याने त्याला इजा होत नाही. आणि आमच्या नाणेघाटात तर आषाढ-श्रावणातील वारा धबधब्याचे पाणी खालून वर फेकतो! परीक्षणशाळेतील पाणी सभ्य असते, सह्याद्रीतील नव्हे. एक्स१००-६ च्या बाबतीत तर लेन्सवर जोडकडे आणि संरक्षक फिल्टर बसविल्यावाचून कंपनी जलरोधकतेची हमीच देत नाही, आणि हे दोन्ही जिन्नस वेगळे विकत घ्यावे लागतात.

पावसाळी भटकंतीतील खरा बंदोबस्त त्यामुळे आपणच करावयाचा असतो. सॅकवर चढविण्याचे रेनकव्हर सॅकची पाठीकडची बाजू उघडीच सोडते, आणि मानेवरून ओघळणारे पाणी नेमके त्याच बाजूने आत शिरते. तेव्हा कॅमेरा गुंडाळी करून तोंड बंद होणाऱ्या ड्राय बॅगमध्ये ठेवून ती पिशवी सॅकच्या आत, पाठीला लागून, मध्यावर बसवावी. जड वस्तू पाठीला चिकटून असली म्हणजे तोल मागे ओढला जात नाही, हा याचा दुसरा लाभ. पाऊस उभा असेल आणि वारा पडलेला असेल, तर साध्या छत्रीइतके किफायतशीर साधन दुसरे नाही. सोबतच्या मित्राने ती धरावी आणि आपण चित्र घ्यावे. लेन्सवर थेंब पडलाच, तर लगेच पुसण्याची घाई करू नये: आधी रबरी फुंकणीने तो कडेला उडवावा, मग मऊ फडक्याचे एक कोरडे टोक त्याला नुसते टेकवून पाणी टिपून घ्यावे आणि त्यानंतरच मधून कडेकडे गोल फिरवीत काच पुसावी, कारण वाटेवरच्या मुरमाचा एखादा कण थेंबात अडकलेला असला तर पहिल्याच घासण्यात तो काचेवरील लेपावर कायमची रेघ ओढतो. फडकी चार-पाच असावीत आणि झिपच्या पिशवीत असावीत. शर्टाच्या खिशातले फडके पहिल्या तासातच घामाने ओले होते आणि मग काचेवर चरबट थर पसरविण्यापलीकडे त्याचा उपयोग उरत नाही.

पावसाहूनही धूर्त शत्रू म्हणजे बाष्प. रात्रभर वातानुकूलन लावून आणलेल्या मोटारीतून पहाटे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पाचनईत उतरताच हौसेने कॅमेरा बाहेर काढणाऱ्याची लेन्स क्षणात दुधाळ होते, कारण गार काचेवर बाहेरच्या दमट हवेतील बाष्प साकळते. आणि ते केवळ पुढच्या काचेवरच नव्हे, तर कधी कधी आतल्या भिंगांवरही. उपाय अगदी साधा आहे. मोटारीतच कॅमेरा हवाबंद पिशवीत घालावा, उतरल्यावर चहा घेईतो, म्हणजे अर्धा तास, ती उघडू नये, यंत्र बाहेरच्या हवेइतके उबदार झाले की मग काढावे.

वाहण्याच्या पद्धतीविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सॅकच्या तळाशी गाडलेला कॅमेरा दिवसभरात दोनदाच बाहेर निघतो. केवळ छायासाहित्यासाठी बनविलेल्या देखण्या पिशव्यांना बहुधा कमरेचा भक्कम पट्टा नसतो आणि सारा भार खांद्यांवर येतो; म्हणून आपली नेहमीची, कमरपट्ट्याची ट्रेकिंग सॅक कायम ठेवून तिच्यात गादीदार कप्पा घालावा, हे श्रेयस्कर. सपाट वाटेवर आणि सोप्या चढावर कॅमेरा हाताशी असावा यासाठी सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी धातूची क्लिप फार सोयीची. तीत बसलेला कॅमेरा झुलत नाही आणि एका बोटाने सुटतो. गळ्यात लोंबता पट्टा वऱ्हाडी मंडळींना शोभतो, चढावर तो प्रत्येक पावलागणिक छातीवर ठोसे मारतो. परंतु ही क्लिपही सर्वत्र चालत नाही. हरिहरच्या त्या जवळजवळ उभ्या कातळपायऱ्यांवर, जिथे दोन्ही बाजूंच्या खोबण्यांत बोटे रुतवून छाती खडकाला लावूनच चढावे लागते, तिथे छातीवरचा कॅमेरा आधी खडकाला लागतो आणि मग आपल्याला मागे ढकलतो. शिवाय खाली पाहू जाणाऱ्याला पायरीही दिसत नाही. राजगडच्या बालेकिल्ल्याची चढण, अलंग-मदनचे कातळटप्पे, सांदणच्या घळीतील पाणी, अशा ठिकाणी पायथ्याशीच थांबून कॅमेरा सॅकमध्ये घालावा, ट्रायपॉड बाजूच्या कप्प्यात उभा बांधला असेल तर त्याची टोके डोक्याच्या वर जात नाहीत ना ते पाहावे, आणि त्या टप्प्यात चित्रांचा मोह सोडावा. दोर लावलेल्या ठिकाणी तर हा विषय चर्चेचाही नाही.

एकाच झूम लेन्सवर माझा भर आहे तो केवळ वजनामुळे नव्हे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळच्या प्रहरी, सूर्य पाठीशी आणि कड्याखालच्या दरीत धुके असताना, कधी कधी जे गोलाकार इंद्रवज्र दिसते, ज्याची नोंद कर्नल साइक्स याने १८३५ साली केली, ते धुके हलताच विरून जाते. लेन्स बदलीत बसणाऱ्याच्या हाती रिकामी दरी लागते, शिवाय त्या धुक्यात उघडलेल्या बॉडीत बाष्प शिरते ते वेगळेच. कड्याचा अर्धगोल कवेत घेण्यास २० मिमी लागते आणि इंद्रवज्राशी जवळीक साधण्यास ७०. दोन्ही एकाच नळीत असतील तर सोन्याहून पिवळे. दुसरी लेन्स घ्यावयाचीच झाली तर ती प्रयोजन ठरवून घ्यावी. कासच्या पठारावर, जे २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या समूहात जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले, सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारखी इवली रोपे वाट न सोडता टिपायची, तर निकटचित्रणाची सोय असलेली, ७९४ ग्रॅमची एफ ४ छिद्राची ७०-२०० उपयोगी पडते. फुलांत लोळण घेऊन चित्र काढणाऱ्यांविषयी काय बोलावे! मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याचे काजवे किंवा रतनगडावरून आकाशगंगा पाहावयाची असेल, तर एफ १.८ ची एखादी हलकी, रुंद कोनाची प्राइम आणि ट्रायपॉड अनिवार्य. कार्बन तंतूंचा, किलोभराचा ट्रायपॉड महाग असला तरी त्यावर खर्च करावा, आणि माथ्यावरच्या वाऱ्यात त्याच्या मधल्या आकड्याला सॅक अडकवून, ती जमिनीला किंचित टेकेल इतपत उंची ठेवून, त्याला स्थिर करावे. रायगड, शिवनेरी, लोहगड यांसारख्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील गडांवर ट्रायपॉडसाठी परवानगी लागते, तिची तजवीज निघण्यापूर्वी करावी. ड्रोनचा बेत तर परवान्याविना मनातही आणू नये.

शिवकालीन घोडदळात स्वतःचे घोडे बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर स्वारी करणारा तो बारगीर; छायासाहित्याच्या बाबतीत बॉडीपुरते आणि नित्याच्या एका लेन्सपुरते शिलेदार व्हावे, बाकीच्यांपुरते बारगीर राहण्यात काहीच कमीपणा नाही. वर्षातून एकदा ताडोब्यात वाघ पाहावयाचा म्हणून लाखांची लांब लेन्स कपाटात पोसण्यापेक्षा पुण्या-मुंबईत ती चार दिवस भाड्याने मिळते, ती घ्यावी. विकत घ्यावयाचे साहित्य मात्र अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या पावतीसह घ्यावे. आडमार्गाने आयात झालेल्या मालात दहा-पंधरा हजार वाचतात खरे, पण दुरुस्तीच्या वेळी कंपनी त्या मालाची ओळख दाखवीत नाही. पावती आणि बॉडी-लेन्सचे अनुक्रमांक यांची एक प्रत घरी ठेवून विमा उतरवावा, आणि दस्तऐवजात 'प्रवासातील अपघाती पडणे' समाविष्ट आहे की केवळ चोरी, ते वाचूनच सही करावी. परदेशी निघताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून आपल्या साहित्याचा निर्यात-दाखला करून घेतला, तर परतीच्या वेळी जकातीचा वाद उद्भवत नाही. विमानात जादा बॅटऱ्या हातातील सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला खास मंजुरी नको असते, आणि कॅमेऱ्याची बॅटरी सहसा १६-१७ च्या पुढे जात नाही. हिमालयात जाणाऱ्यांनी रात्री त्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये उराशी घेऊन निजावे, नाहीतर पहाटेच्या थंडीत भरलेली बॅटरीही रिकामी असल्याचे सोंग करते.

परतल्यावर थकव्याने सॅक तशीच कोपऱ्यात टाकून देण्याची जी सार्वत्रिक सवय आहे, तिच्यातूनच लेन्सच्या पोटात बुरशी जन्म घेते. मुंबई, कोकण आणि गोव्यातील हवेत तिला काही आठवडे पुरतात, आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या त्या तंतूंनी एकदा लेपाला धरले की सफाईनंतरही डाग उरतो. त्याच रात्री कॅमेरा पिशवीतून काढावा, पट्टा आणि गादीदार कप्पा वेगळा वाळवावा, हूडच्या खाचेतील माती ब्रशने झाडावी, आणि सारे साहित्य ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणाऱ्या विजेच्या कपाटात, अथवा तितका खर्च परवडत नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि पाच-सातशे रुपयांचा आर्द्रतामापक घालून ठेवावे. जेलचे दाणे रंग बदलू लागले की तव्यावर मंद आचेवर परतून ते पुन्हा वापरता येतात, फक्त तो तवा पोळ्यांचा नसावा.