भाकरी, भात आणि साखर : पिष्टमय अन्नाची निवड व शरीराचे वजन

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांकरिता आरोग्यशिक्षणाचा पाठ)

पाठाची आवश्यकता

नाशिक जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांचा आहार एकसारखा नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या पश्चिमेकडील डोंगराळ आणि भरपूर पावसाच्या तालुक्यांत भात, नागली व वरई ही पिके होतात. मालेगाव, नांदगाव, येवला, सिन्नर या पूर्वेकडील कमी पावसाच्या भागात बाजरी हे मुख्य धान्य आहे. निफाड व दिंडोरीकडे द्राक्षाचे मळे आहेत. पिके अशी भिन्न असली तरी अलीकडे सर्वच तालुक्यांच्या आहारात एक समान बदल झालेला दिसतो. पांढरा सडीक तांदूळ, मैद्याची बिस्किटे, पाव, साखरेचा चहा आणि बाटलीबंद गोड पेये यांचा शिरकाव घरोघरी झाला आहे. नागलीची तांबूस-काळसर भाकरी डब्यात आणण्यास मुलाला संकोच वाटतो. बिस्किटाचा पुडा मात्र तो सर्वांसमक्ष ऐटीने उघडतो.

या बदलाचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. एकाच जिल्ह्यात काही बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी असते, तर काही घरांतील प्रौढांना अतिरिक्त वजन व मधुमेह यांनी गाठलेले असते. पुष्कळदा दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट असते : पोट भरते, परंतु ज्या अन्नाने भरते त्यात पीठ व साखर यांपलीकडे फारसे काही नसते. म्हणून धान्याची निवड हा विषय शाळेत शिकविण्याजोगा आहे.

पिष्टमय पदार्थ शरीरात काय करतात

वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून शर्करा तयार करते आणि ती पिष्टाच्या रूपाने दाण्यात, कंदात किंवा फळात साठवून ठेवते. मनुष्य हे पिष्ट खातो, तेव्हा पचनाने त्याची पुन्हा शर्करा होते. या शर्करेस ग्लुकोज किंवा द्राक्षशर्करा म्हणतात. ती रक्तात मिसळली म्हणजे स्वादुपिंडातून इन्शुलिन नावाचा रस स्रवतो आणि त्याच्या मदतीने ती पेशींत पोचते. लागेल तेवढी शर्करा कामी येते. थोडी यकृतात व स्नायूंत साठविली जाते. आणि रोजच आवश्यकतेपेक्षा जास्त खाल्ले गेले तर उरलेल्या उष्मांकांची चरबी होते.

एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर यांपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात. प्रथिनांपासूनही तितकेच मिळतात. तेलतुपापासून मात्र ९ मिळतात. यावरून हे स्पष्ट होईल की, पिष्टमय अन्न हे स्वतः शरीराचे वैरी नव्हे. मुलाचे धावणे-खेळणे व शेतकऱ्याचे दिवसभराचे श्रम त्यावरच चालतात. प्रश्न असतो तो दोनच गोष्टींचा : ते किती खावे आणि कोणत्या रूपात खावे.

कोंड्याचे महत्त्व

धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात : बाहेरील कोंडा, आतील पिष्टमय गर आणि अंकुर. दाणा फार सडला म्हणजे कोंडा व अंकुर निघून जातात आणि त्यांच्याबरोबर तंतुमय भाग, खनिजे व जीवनसत्त्वेही जातात. ही गोष्ट प्रथम कोंबड्यांमुळे उघडकीस आली. १८९० नंतरच्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन या डच वैद्याच्या असे लक्षात आले की, सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होऊन त्यांचे पाय लुळे पडतात. पण बिनसडीचा तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. या कार्याबद्दल त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या देशातही बेरीबेरीच्याच अभ्यासाकरिता १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे एक लहानशी प्रयोगशाळा सुरू केली. ती पुढे १९५८ मध्ये हैदराबादेस हलविण्यात आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते.

या संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांतील घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम कोरड्या धान्यातील तंतुमय भाग सुमारे पुढीलप्रमाणे आहे :

बाजरी – ११.५ ग्रॅम
गव्हाची कणीक – ११.४ ग्रॅम
नागली – ११.२ ग्रॅम
ज्वारी – १०.२ ग्रॅम
सडीक तांदूळ – २.८ ग्रॅम
मैदा – २.८ ग्रॅम

याच तक्त्यांत १०० ग्रॅम नागलीतील कॅल्शियम सुमारे ३६४ मिलिग्रॅम आहे. सडीक तांदळात ते १० मिलिग्रॅमही नाही. बाजरीतील लोह सुमारे ६.४ मिलिग्रॅम, तर सडीक तांदळातील १ मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे. ज्या काळसर भाकरीची लाज वाटते, तिच्यात हाडे व दात बळकट करणारे द्रव्य या सर्व धान्यांत सर्वाधिक आहे, ही गोष्ट आकड्यांसह फळ्यावर लिहून दाखवावी.

तंतुमय भाग पचत नाही. परंतु म्हणूनच तो उपयोगी असतो. तो चावावा लागतो, पोटात जागा व्यापतो आणि भूक लवकर लागू देत नाही. साखर रक्तात मिसळण्याचा वेग त्यामुळे मंदावतो व मलावरोध टळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार दहा वर्षांवरील मुलांना व प्रौढांना दररोज किमान २५ ग्रॅम, आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना किमान २१ ग्रॅम तंतुमय भाग अन्नातून मिळावा. तसेच पिष्टमय अन्न मुख्यतः अखंड धान्ये, कडधान्ये, भाज्या व फळे यांतून घेतले जावे.

प्रचलित गैरसमज

१. ‘भात सोडला की वजन उतरते.’ केवळ भात सोडून त्याऐवजी बिस्किटे व फरसाण खाल्ले तर वजन उतरणार नाही. भात थोडा वाढावा, हातसडीचा मिळाल्यास तो घ्यावा, आणि सोबत वरण व भाजी भरपूर असावी.

२. ‘नागली-बाजरी कितीही खाल्ली तरी चालते.’ हेही खरे नव्हे. कोणत्याही कोरड्या धान्याच्या १०० ग्रॅमपासून साधारण ३२० ते ३६० उष्मांक मिळतात. नागलीचे मोठेपण तिच्या तंतूंत व खनिजांत आहे. वजन उतरविण्याची जादू तिच्यात नाही. शिवाय बारीक दळून केलेली पातळ, गोड पेज अखंड दाण्यापेक्षा लवकर पचते, हे मधुमेह्याने ध्यानात ठेवावे.

३. ‘गूळ व मध निरुपद्रवी आहेत.’ गूळ हा बहुतांशी साखरच आहे. मध व फळांचा रस यांतील साखरही जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेच्याच वर्गात धरते.

४. ‘उपवासाने वजन उतरते.’ साबुदाणा हा कंदाच्या पिष्टापासून बनतो; त्यात तंतू जवळजवळ नसतात. त्याची तूप-शेंगदाण्याची खिचडी ताटभर खाल्ली तर नेहमीच्या जेवणापेक्षा अधिक उष्मांक पोटात जाऊ शकतात. उपवास करणाऱ्या घरात थोडी वरई, दही, उकडलेले रताळे व फळ यांचा उपयोग अधिक हितावह होय.

५. ‘चमचमीत ते सर्व अपायकारक.’ नाशिकच्या मिसळीचेच उदाहरण घ्यावे. तिच्यातील मोड आलेल्या मटकीची उसळ प्रथिने व तंतू यांनी युक्त असते. उष्मांक वाढतात ते तेलाच्या तर्रीने, फरसाणाने व पावाच्या लाद्यांनी. उसळ अधिक, कांदा-लिंबू भरपूर, फरसाण चिमूटभर व पाव एक, असे प्रमाण ठेवल्यास पदार्थ तोच राहून त्याचा गुण बदलतो.

वर्गात करावयाची प्रात्यक्षिके

(अ) पिष्टाची परीक्षा. भात, भाकरी, बटाटा, साबुदाणा, साखर व काकडी यांचे लहान नमुने वेगवेगळ्या बश्यांत ठेवावेत. प्रत्येकावर टिंक्चर आयोडिनचे पाणी मिसळलेले थेंब टाकावेत. पिष्ट असेल तेथे निळा-काळा रंग येतो. साखर पांढरी असूनही तिच्यात तो का येत नाही, हा प्रश्न मुलांना विचारावा. नमुने नंतर टाकून द्यावेत. ते कोणी खाऊ नयेत.

(आ) चावण्याचा प्रयोग. भाकरीचा कोरडा घास मुलांनी दोन मिनिटे चावत राहावा. हळूहळू तो गोड लागू लागतो, कारण लाळेतील पाचक रस पिष्टाची शर्करा करू लागतो. सावकाश चावून खाल्ले म्हणजे पोट भरल्याची जाणीव वेळेवर होते, हेही येथेच सांगावे.

(इ) चहाचे गणित. एका चहाच्या चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर मावते. कपास दोन चमचे व दिवसास तीन कप धरल्यास दिवसाची साखर ३० ग्रॅम आणि उष्मांक १२० होतात. तीस दिवसांची साखर ९०० ग्रॅम होते. एवढी साखर तराजूत तोलून मुलांपुढे ठेवावी.

(ई) द्राक्ष व बेदाणा. एक किलो बेदाण्याकरिता सुमारे चार किलो द्राक्षे वाळवावी लागतात. मूठभर द्राक्षे आणि मूठभर बेदाणे यांत साखर कोठे अधिक, हे मुलांनी स्वतः काढावे. फळाचा रस काढला म्हणजे चोथा जातो व साखर राहते, हा मुद्दा याच गणिताशी जोडावा.

(उ) वेष्टनांचे वाचन. बिस्किटांची रिकामी वेष्टने गोळा करावीत. घटकांच्या यादीत ज्याचे वजन सर्वांत जास्त ते प्रथम छापलेले असते. पहिले तीन घटक मुलांनी वहीत लिहावेत.

ताट कसे वाढावे

ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर व फळ यांनी, पाव भाग डाळ, कडधान्य, अंडे किंवा मासळी यांनी आणि उरलेला पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात यांनी व्यापावा. प्रौढांनी वजनाचा अंदाज घेण्यासाठी किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. १.६० मीटर उंची व ६४ किलो वजन असल्यास उत्तर २५ येते. भारतीय प्रौढांसाठी २३ च्या पुढे जादा वजन व २५ च्या पुढे लठ्ठपणा समजला जातो. वजन उतरवावयाचे असल्यास आठवड्यास अर्ध्या किलोपेक्षा जास्त घाई करू नये. मधुमेहाची औषधे वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी, तसेच गरोदर व स्तनदा मातांनी, डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून आहार कमी करू नये.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

वरील भागाकार मुलांना लावू नये. त्यांची वाढ वय व लिंग यांनुसार वेगळ्या तक्त्यांवरून पाहावयाची असते. वाढत्या मुलास उपाशी ठेवणे किंवा त्याची भाकरी तोडणे सर्वथा अयोग्य होय. स्थूल मुलाच्या बाबतीत गोड पेये व पुड्यातील खाऊ कमी करणे आणि खेळ वाढविणे एवढेच प्रथम पुरेसे असते. कृश मुलास अधिक अन्न हवे असते. त्यात तेल, शेंगदाणे, डाळ व अंडी यांची भर घालण्यास पालकांस सांगावे.

वजनाचे आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत. ‘जाड्या’, ‘काडी’ अशी नावे कोणासही पडू देऊ नयेत. ज्या पालकाच्या घरी रेशनच्या तांदळावाचून दुसरे धान्य नाही, त्याच्या मुलास निवडीचा उपदेश करण्यात अर्थ नसतो. तेथे परसातील शेवगा, रानभाज्या व डाळ यांची जोड देण्याचा मार्ग दाखवावा.

शालेय पोषण आहार हा या पाठाचा रोजचा प्रत्यक्ष नमुना होय. प्राथमिक वर्गाच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. धान्याइतकीच डाळ व भाजी पातेल्यात पुरेपूर पडते की नाही, हे मुख्याध्यापकांनी रोज पाहावे. तसेच वर्षातून काही दिवस ‘भाकरीचा डबा’ ठरवून शिक्षकांनीही त्या दिवशी नागली किंवा बाजरीची भाकरी मुलांसमवेत खावी. गुरुजींच्या डब्यात जे दिसते, त्याचा संकोच मुलांना राहत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या घरी एका आठवड्यात कोणकोणती धान्ये वापरली गेली त्यांची नोंद करा.
२. आजीआजोबांच्या लहानपणी घरात कोणते धान्य होते व त्याचे कोणते पदार्थ होत, ते विचारून लिहा.
३. घरातील सर्वांच्या चहातील साखरेचे महिन्याचे वजन काढा. प्रत्येक कपास एक चमचा कमी केल्यास किती साखर वाचेल?
४. सडीक तांदूळ व नागली यांतील तंतुमय भागाची तुलना स्तंभालेखाने दाखवा.
५. आपल्या गावात पिकणाऱ्या धान्यापासून एका दिवसाच्या दोन्ही वेळच्या जेवणाचे ताट आखा व प्रत्येक पदार्थाचे कारण लिहा.